लाइटिंगवाले नाना

मे महिना, दिवा स्टेशनच्या पलीकडची खाडी, सकाळी आठलाच अंगाला घामाच्या धारा. आणि समोरून लोकरीचा जाडजूड काळा कोट घातलेला साठीचा माणूस शांतपणे चालत येतोय. मी नर्स. मला वाटलं, थंडी वाजून ताप भरलेला पेशंट आहे. मी त्याला बाकावर बसवलं, नाडी पाहिली आणि थर्मामीटर झटकून पुढे केला. त्याने तो निमूट जिभेखाली धरला, वेळ झाल्यावर स्वतःच काढला, उजेडाकडे धरून वाचला आणि म्हणाला, "नॉर्मल आहे. आता बॅटऱ्या कुठे आहेत ते दाखवा."

हेच नाना. कल्याणला रेल्वेत त्यांनी तीसेक वर्षं काढली होती. लांब पल्ल्याच्या गाड्यांतले दिवे आणि पंखे ज्या बॅटऱ्यांवर चालत, त्या डब्याखालच्या बॅटऱ्या भरायच्या, मोजायच्या, आजारी पडल्या तर बऱ्या करायच्या, हे त्यांचं काम. त्या खात्याला सगळे नुसतं 'लाइटिंग' म्हणत, म्हणून हे लाइटिंगवाले नाना. कोटाचं गूढ त्यांनी त्याच दिवशी बटणं सोडून उलगडलं. आतल्या सुती शर्टाची अक्षरशः चाळणी झालेली होती. अॅसिडचा शिंतोडा सुती कापडावर उडाला की पुढच्या धुण्याला तिथे भोक पडतं, लोकर मात्र टिकते, म्हणून बॅटरीला हात लावायचा तर अंगात कोट हवाच, मग बाहेर मे असो की डिसेंबर. त्या उन्हात तो कोट बघूनच मला घेरी यायची. त्यांना कधी आली नाही.

आता ट्रेलरबद्दल सांगायला हवं. आमची संस्था ठाण्याची, लहानशी. डॉक्टर एक, नर्स एक, ड्रायव्हर एक. एका कारखान्याने परदेशी इंजिनियरांच्या मुक्कामासाठी चाकांवरचं घर मागवलं होतं. आत घडीचे दोन बिछाने, बेसिन, आरसा, हातभर ओटा. कारखाना बंद झाल्यावर ते धूळ खात पडलं, ते आम्हाला देणगीत मिळालं. जीपमागे लावून आम्ही ते खाडीकाठच्या गावांत न्यायचो, जिथे वीज पोचलेली नव्हती किंवा नावाला पोचलेली होती. टपावर सोलरच्या दोन मोठ्या काचा, बाकाखाली दोन बॅटऱ्या आणि त्या बॅटऱ्यांवर चालणारा लसी ठेवायचा छोटा फ्रिज. दिवसा उन्हावर बॅटरी भरायची, रात्री तीच फ्रिज चालवायची. कागदावर हे फार सोपं दिसत होतं. पहिल्याच महिन्यात बॅटऱ्या दोनदा बसल्या आणि डॉक्टरांनी शोधाशोध करून नुकतेच रिटायर झालेले नाना गाठले.

गंमत अशी की बॅटरीतला हा जाणता माणूस सोलर पाहून माझ्यापेक्षा जास्त हादरला. रेल्वेत गाडी धावली तर चाकाबरोबर डायनामो फिरणार आणि बॅटरी भरणार, उभी राहिली तर फक्त रिकामी होणार. इथे त्यांनी मीटर जोडला, काचेवर ऊन आलं आणि काटा सरकला. नाना दोन पावलं मागे झाले आणि खाली वाकून ट्रेलरची चाकं खरंच थांबलेली आहेत का ते त्यांनी पाहिलं. मग टपावर बसकण मारून म्हणाले, "सिस्टर, ही उभ्या उभ्या जेवते की." त्यानंतर दोन दिवस ते टपावरून उतरले नाहीत म्हटलं तरी चालेल. दर अर्ध्या तासाला वहीत आकडा मांडायचा: सकाळी किती, डोक्यावर ऊन आलं की किती, ढग आला की किती, काचेवर धूळ असताना किती आणि पुसल्यावर किती. तिसऱ्या दिवशी त्यांना ऊन लागलं आणि मला सलाइन लावावं लागलं. सलाइन चालू असताना ते मला शिकवत होते की तापलेली काच कमी वीज देते, तेव्हा ऊन आणि उष्णता एकच समजायचं नाही.

त्यांनी ट्रेलरच्या दाराच्या आत एक तक्ता चिकटवला. वर लिहिलं होतं 'शिधा'. दिवसाला साधारण किती वीज येते, आणि ट्रेलरमधला कोण किती खातो. फ्रिज पहिला, डॉक्टरांची ट्यूब दुसरी, पाणी चढवायचा लहानसा पंप तिसरा. पंख्यापुढे शून्य. डॉक्टरांनी एकदा काकुळतीला येऊन दहा मिनिटं पंखा मागितला तर नानांनी त्यांना पुठ्ठा दिला. आलेल्यातलं निम्मंच खर्चायचं, निम्मं पोटात ठेवायचं, कारण उद्या ढग आले तर बॅटरी उपाशी राहील, आणि जी बॅटरी वरचेवर उपाशी राहते ती पुन्हा कधी पोटभर जेवत नाही, हे ते इतक्यांदा सांगत की आमचा ड्रायव्हर झोपेतही बरळला असता.

या शिध्यापायी त्यांनी एकदा आम्हा सगळ्यांचे डोळे पांढरे व्हायची वेळ आणली. संस्थेचे अध्यक्ष ट्रेलर पाहायला आले होते. गावाने मांडव घातला होता, माइक लावला होता आणि माइकला वीज आमच्या बॅटरीची. नानांनी आधीच बजावलं होतं, सात मिनिटं. अध्यक्षांना बोलायची हौस. सात मिनिटं झाली आणि नानांनी वायर काढली. अध्यक्ष हातवारे करत राहिले आणि आवाज बंद. डॉक्टर धावत आले तर नाना हातात वायर धरून उभे. "साहेबांना म्हणावं, खणखणीत आवाज आहे तुमचा, तसंच बोला. हा लसीचा घास आहे," असं ते सर्वांसमक्ष म्हणाले. अध्यक्ष हसले, पण ते हसणं मला आवडलं नव्हतं आणि पुढे त्याचा अर्थही लागला.

एरवी माणूस मऊ. त्या भागात पाण्याची कायम मारामार. नाना कल्याणहून येताना पिशवीत दोन बाटल्या पिण्याचं पाणी आणायचे आणि लायनीत बसलेल्या बाळंतिणींना द्यायचे. बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याच्या कॅनला मात्र कुणी बोट लावलेलं खपायचं नाही. मला ते सुरुवातीला सिस्टर आणि तुम्ही म्हणत, दोन महिन्यांत सिस्टर आणि तू झालं. बॅटरीतलं अॅसिड पिचकारीसारख्या काचेच्या नळीत ओढून घ्यायचं, आतला तरंगता काटा कुठे थांबतो ते वाचायचं, त्याला ग्रॅव्हिटी म्हणायचं, बाराशे पन्नास म्हणजे पोट भरलं आणि साडेअकराशे म्हणजे घरात चूल नाही, हे सगळं त्यांनी मला हाताला धरून शिकवलं. माझे वडील मी लहान असताना गेले. कुणी एवढ्या चिकाटीने मला काही शिकवलं असेल तर नानांनीच. पुढचं सगळं सांगताना म्हणूनच लाज वाटते.

दुसऱ्या वर्षीचा एप्रिल आला. त्या मोसमात ट्रेलर लसीकरणासाठी महिनाभर एकाच गावी उभा होता. नाना पहिल्या गाडीने यायचे, काचा पुसायचे, ग्रॅव्हिटी वहीत मांडायचे आणि नऊच्या सुमारास घरी परतायचे. त्याच वर्षी माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं होतं आणि रुखवतात मांडायचे पापड, मिरगुंडं, आंबोशी हे सगळं माझ्या गळ्यात पडलं होतं. डोंबिवलीत आमची खोली तळमजल्यावर, दिवसभरात उन्हाची एक तिरीपही नाही; गच्चीला मालकाने कुलूप ठोकलेलं. आणि इथे माझ्या डोक्यावर, धुळीचा कण नसलेल्या, कोंबड्यांपासून सुरक्षित, तव्यासारख्या तापलेल्या दोन काचा. नाना गेले की मी मागच्या लोखंडी शिडीने टपावर चढायचे आणि जुन्या साडीचा तुकडा अंथरून त्यावर वाळवण घालायचे. अख्ख्या काचांवर नाही, एवढी अक्कल होती मला. दोन काचा जिथे एकमेकींना लागतात तिथे मधोमध, हिचा एक कोपरा आणि तिचा एक कोपरा. बाकी सगळी काच मोकळी. बॅटरीचा चार घास शिधा घेतला असं मला वाटत होतं. साडेतीनला मी सगळं गोळा करून खाली यायचे.

ग्रॅव्हिटी उतरायला लागली. जवळजवळ रोज थोडी थोडी. ऊन तर भाजून काढत होतं. नानांनी वायरी बदलल्या, जोड घासले, बॅटऱ्यांची जागा बदलली, पाण्याचा कॅन बदलला. डॉक्टरांनी रात्रीची ट्यूब सोडून दिली आणि कंदील आणला. तरी काटा खालीच. नाना रोज मला विचारायचे, "मी कुठे चुकतोय?" आणि मी म्हणायचे, तुम्ही कुठे चुकणार, नाना. मनापासून म्हणायचे. तोवर मला खरंच काही कळलेलं नव्हतं, ही एवढी एक गोष्ट माझ्या बाजूने आहे.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी फ्रिज उघडला. आतला बर्फ वितळून पाणी झालेलं, लसी कोमट. रात्रीत कधीतरी बॅटऱ्या पार बसल्या होत्या. बाहेर चार गावांतल्या बाया पोरं कडेवर घेऊन बसल्या होत्या. डॉक्टरांनी सगळ्या बाटल्या बादलीत टाकल्या. मला बाहेर जाऊन सांगावं लागलं की आज सुई नाही. खाडीपलीकडून होडीने आलेली एक कोळीण नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आता परत कवा येवाचा, बाय?" नव्या लसी यायला पंधरा दिवस लागणार होते.

नाना टपावर होते. खाली शिडीशी डॉक्टर आणि मी. डॉक्टर पहिल्यांदाच चिडून बोलत होते की मीटरच खराब असेल. नाना म्हणाले, मीटर ठीक आहे, हे बघा. आणि त्यांनी काचेच्या एका कोपऱ्यावर तळहात ठेवला. काटा खाली कोसळला. एवढ्याशा हाताने कसं, असं डॉक्टरांनी विचारलं तर नाना समजावू लागले. काचेतले हे सगळे चौकोन एका ओळीत उभे आहेत, विहिरीवरून माणसं हातोहात बादल्या पोचवतात तसे. ओळीतल्या एकाने हात आखडला की पुढच्या कुणाकडेच बादली पोचत नाही, बाकीचे कितीही तगडे असोत.

मी शिडीचा गज घट्ट धरला. तीन आठवडे मी रोज त्या ओळीतल्या दोघांच्या अंगावर साडी टाकत होते. नानांनी वरून वाकून विचारलं, "सिस्टर, तू दिवसभर इथे असतेस. वर कुणी चढतं का गं?"

"नाही," मी म्हणाले.

नवऱ्याची नोकरी जाऊन वर्ष झालं होतं, घर माझ्या पगारावर चालत होतं. मी हे कारण स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की ते मला पाठ झालंय. ते खरं आहे, पण तेवढ्याने भागत नाही, कारण त्या क्षणी मला पगार आठवलाच नव्हता. मी फक्त घाबरले होते. नानांनी "बरं" म्हटलं आणि काच पुन्हा पुसायला घेतली.

त्या दिवसापासून वाळवण बंद झालं. त्याच आठवड्यात अध्यक्षांचं पत्र आलं: नानांनी आता विश्रांती घ्यावी, संस्थेला त्यांच्या सेवेबद्दल आदर आहे. त्यांच्या जागी ठाण्याहून एक तरुण इंजिनियर आला. त्याने फारसं काहीच केलं नाही, आणि दहा दिवसांत ग्रॅव्हिटी बाराशे पन्नासला टेकली. टेकणारच होती. सगळे म्हणाले, बघा, नानांचा हात गेला आणि गाडी रुळावर आली. मी ते ऐकलं आणि लसीची नोंद करत राहिले. नाना आपली वही न्यायला आले तेव्हा त्यांनी स्वतःच बॅटऱ्यांची ग्रॅव्हिटी पाहिली. बाराशे पन्नास. दोनदा पाहिली. मग मला म्हणाले, "म्हणजे माझंच काहीतरी होतं." त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हाही मी गप्प बसले.

तीन वर्षांनी त्या गावांत वीज बऱ्यापैकी पोचली आणि ट्रेलर निकालात काढला गेला. छोटासा समारंभ झाला. डॉक्टर चांगले बोलले, सगळ्यांची आठवण काढली. नानांबद्दल म्हणाले, माणूस सोन्यासारखा, पण शेवटी शेवटी त्यांना झेपेना. कुणी मान डोलावली, कुणी चुकचुकलं. मी बोललेलं खोटं आता सगळ्यांच्या तोंडी खरं होऊन बसलं होतं, आणि ते डॉक्टरांच्या तोंडून इतक्या मायेने येत होतं की मला बसवेना. दुसऱ्या रविवारी मी कल्याणला नानांच्या घरी गेले.

नानांनीच दार उघडलं. खूप वाळले होते, पण मला बघून हरखले. काकूंनी पोहे केले. मी बशीला हात न लावता एका दमात सगळं सांगून टाकलं: साडी, पापड, शिडी, आणि तो "नाही". काकू हातातला चमचा तसाच धरून ऐकत होत्या.

नाना प्रश्न विचारू लागले, अगदी बारीक आवाजात. कापड केवढं होतं? दोन्ही काचांवर होतं? किती वाजता घालायचं, किती वाजता काढायचं? मी उत्तरं देत गेले. ते उठले, कपाटातून ती वही काढून आणली आणि एका पानावर बोट ठेवलं. "हा बुधवार. आदल्या सकाळपेक्षा ग्रॅव्हिटी चढली होती. का चढली, ते मला आजवर कळलेलं नाही."

"आदल्या दिवशी, मंगळवारी, माझी सुट्टी होती," मी म्हणाले.

त्यांनी मागचा बुधवार पाहिला. त्याच्या मागचाही पाहिला. वही मिटली. काकू समोरच उभ्या होत्या, तरी त्यांनी लांबून बोलवावं तशी हाक मारली. "अगं, ऐकलंस का? मी चुकलो नव्हतो."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हाताने थांबवलं. "पापड कोण वाळवत नाही," ते म्हणाले. "माहीत नसताना होतं माणसाकडून. पण सिस्टर, मी वाकून तुम्हाला विचारलं होतं." किती तरी वर्षांनी ते मला तुम्ही म्हणाले. मग उठून आतल्या खोलीत निघून गेले. आल्या-गेल्याला खालच्या फाटकापर्यंत पोचवायला येणारा तो माणूस.

काकू मला सोडायला दारापर्यंत आल्या. त्या रागावल्या नव्हत्या, पण माझ्याकडे बघतही नव्हत्या. दाराची कडी हातात धरून हळू आवाजात सांगू लागल्या की तीन वर्षं यांनी घरातल्या साध्या उडालेल्या बल्बला हात लावला नाही. म्हणायचे, माझ्या हाताचा भरवसा नाही, उगाच काही जाळून ठेवीन. प्रत्येक वेळी समोरच्यांच्या मुलाला बोलवायचं. स्वयंपाकघरातला पंखा दिवाळीपासून बंद होता, आणि तो मुलगा आता नोकरीला पुण्याला गेला होता.

आतून स्टूल ओढल्याचा आवाज आला. काकू बोलता बोलता थांबल्या.

"अगं, मेन बंद कर," नाना आतून म्हणाले. "आणि माझा टेस्टर कुठे ठेवलायस?"

काकूंनी कडी सोडली आणि त्या आत धावल्या. दार उघडंच राहिलं. मी ते बाहेरून लोटून घेतलं आणि जिन्यात उभी राहिले. टेस्टर जागेवर नाही म्हणून नाना काकूंना बोलत होते, काकू काहीच उलट बोलत नव्हत्या. अर्ध्या तासाने पंखा फिरू लागल्याचा आवाज आला, तेव्हा मी खाली उतरले. नानांना मी त्यानंतर पुन्हा भेटले नाही.